बैठकीच्या गाण्यासाठी घरचा रेकॉर्डिंग सेट: आठ महिन्यांनंतर

आमचे अण्णा ७४ वर्षांचे. दर एकादशीला मंडळात अभंग म्हणतात, पेटीची साथ माझी. त्यांचा आवाज खणखणीत आहे तोवर नीट रेकॉर्ड करून ठेवावा, एवढाच हेतू. अल्बम वगैरे काढायचा नव्हता.

घर पंचवटीत, दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डापासून फार लांब नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. संध्याकाळी भाजीचे टेम्पो लागायला लागले की रिव्हर्स घेताना प्रत्येकाची वेगळी धून. रात्रीही थांबत नाही. आम्हाला मिळतात दुपारचे दोन ते चार.

पहिली खरेदी म्हणजे एक कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा) आणि दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायची डबी. गाण्याला कंडेन्सरच हवा, असं सगळीकडे वाचलं होतं. अण्णांपासून दीड हातावर लावला, रेकॉर्ड केलं, हेडफोन घातला. अण्णा सुरेख. आणि त्यांच्यासोबत खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी, यार्डातला हमालांचा आरडाओरडा, आमच्याच भिंतीवरचं घड्याळ. माइक उत्तम होता, तेच दुखणं! गाद्या उभ्या केल्या, खिडकीला गोधडी लावली. खोलीतला घुमारा कमी झाला, पण बाहेरचा टेम्पो गोधडीला दाद देत नाही.

मग ओळखीतून सेकंडहँड शुअर एसएम५८ घेतला. हा डायनॅमिक माइक, जवळचं नीट ऐकतो, लांबचं कमी. हा माइक १९६६ पासून बाजारात आहे आणि त्याच्या नकला ढिगाने मिळतात. म्हणून पैसे देण्याआधी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. कंपनीने दिलेलं वजन २९८ ग्रॅम, काट्यावर २९७. (नुसत्या वजनावर जाऊ नका, पण वजनातच फरक पडला तर पुढे बघायचीही गरज नाही.) नवा घेणार असाल तर पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका.

एसएम५८ ला तोंड चार बोटांवर लागतं. इथे दुसरी गंमत. अण्णा गाताना हलतात. समेवर पुढे येतात, तानेला मान उजवीकडे. जवळ आले की आवाज भरदार, वीतभर मागे गेले की पातळ. याला प्रॉक्झिमिटी इफेक्ट म्हणतात, हे मी त्यांना समजावायला गेलो. "मग मी काय पुतळा होऊन गाऊ?" शेवटी त्यांच्या पाठीशी लोड दिला. टेकून बसले की मान हलते, धड हलत नाही.

स्टँडबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. बाजारातले बूम स्टँड उभ्या नाहीतर खुर्चीवरच्या माणसासाठी. मांडी घालून बसलेल्या गायकासमोर त्याचे तीन पाय नेमके गुडघ्यात येतात. मी छोटा टेबल स्टँड घेऊन पाटावर ठेवला. पहिल्याच दिवशी प्रत्येक मात्रेला 'धुप्प'. अण्णा मांडीवर ताल धरत होते आणि तो फरशीतून पाटावाटे थेट माइकात. पाटाखाली सतरंजीच्या चार घड्या घातल्या, धुप्प गेलं. आठ महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू कोणती म्हणाल तर ती सतरंजी.

कंडेन्सर विकायला काढणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की तो मी चुकीच्या माणसासमोर लावलाय. पेटी मुळातच मोठी वाजते, तिला गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज किती वाढवायचा ते) अगदी थोडा पुरतो. गेन कमी, म्हणजे टेम्पोही कमी. तेव्हापासून कंडेन्सर पेटीवर, हातभर उंचीवर, भात्यापासून जरा दूर. नाहीतर भात्याचा सुस्कारा आणि पट्ट्यांची टकटक सुरांच्या वर येते. एसएम५८ अण्णांपुढे. माझ्या इंटरफेसवर कंडेन्सरला लागणारी वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दोन्ही इनपुटला एकच आहे, त्यामुळे एसएम५८ जळेल की काय अशी धास्ती होती. नीट बॅलन्स्ड केबल (माइकची तीन पिनांची) असेल तर त्याला काही होत नाही, माझ्याही माइकला झालेलं नाही.

एसएम५८ पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून पेटी त्याच्या बरोबर पाठीला, म्हणजे मी अण्णांच्या समोर. याला त्यांचा आठवडाभर विरोध होता. "पेटीवाला डावीकडे बसतो, समोर श्रोते बसतात." आता बसतात गुपचूप, पण प्रत्येक वेळी एकदा बोलून घेतात.

इंटरफेसबद्दल. एकाच नगावरून कंपनीला नावं ठेवणं बरं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. जास्तीत जास्त गेन ५६ डीबी (डेसिबल). अण्णा खुल्या गळ्याने गातात तेव्हा तीन चतुर्थांश फिरवून भागतं. मंद्रातल्या आलापीला जवळजवळ पूर्ण फिरवावा लागतो आणि मग बारीक 'स्स्स' ऐकू येतं. हळू गाणाऱ्यांनी घेण्याआधी हा आकडा बघाच, ६० च्या पुढे असलेला बरा. पाचव्या महिन्यात हेडफोनचा नॉब खरखरायला लागला. वॉरंटीत दुरुस्त झाला, पण मुंबईला जाऊन यायला तीन आठवडे. अधिक महिन्यातल्या दोन एकादश्या त्यात गेल्या.

घुंईss असा आवाज येत असेल तर माइक बदलण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. माझा गुन्हेगार तोच निघाला. आता बॅटरीवरच रेकॉर्ड करतो, पंखाही बंद. एप्रिलमध्ये दोन अभंगांनंतर पन्हं लागायचं.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. ६० दिवस वापरून बघायला मिळतं, नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरचं. रेकॉर्डिंगचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि दोन ट्रॅक धरले तर तासाला साधारण एक जीबी. लेव्हल उणे बारा डीबीच्या आसपास ठेवतो (शून्याच्या वर आवाज फाटतो), कारण अण्णा शेवटच्या कडव्याला कधी उसळतील सांगता येत नाही.

आजवर एकवीस अभंग झाले. परवा अण्णांना पहिल्यांदा सलग ऐकवले. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पेटी जरा पुढे आहे." खरंच होती. तीन डीबी खाली घेतली.