जून १९६७ नंतरची अरबी कविता: सहा महिन्यांच्या वाचनानंतर

ही कविता नुसत्या इंग्रजी भाषांतरावर वाचू नका. समोर स्वरचिन्हांसह छापलेला मूळ मजकूर हवाच. चिन्हांविना छंदही कळत नाही आणि कर्ता-कर्मही.

पहिला घोळ ‘वतन’ या शब्दाचा. मराठी कानाला वतन म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांचा वंशपरंपरागत हक्क. आधुनिक अरबीत ती मायभूमी. शेजारीच ‘उम्मा’ येतो, म्हणजे अख्खा अरब समाज, आणि ‘शअब’, म्हणजे जनता. तिन्हींचं सरसकट ‘राष्ट्र’ केलं की कवी नेमका कशासाठी रडतोय तेच हरवतं. जून १९६७च्या युद्धात इजिप्त, जॉर्डन आणि सीरिया सहा दिवसांत इस्रायलकडून हरले, तेव्हा प्रश्न हाच होता: हरलं कोण? देश, की ‘अरब’ ही कल्पनाच?

सीरियन कवी निझार कब्बानीची ‘नक्साच्या वहीतली टिपणं’ ही कविता सुरुवातीला घ्या. वीस छोटे तुकडे आहेत, रोज एक पुरे. १९४८ला, म्हणजे इस्रायल स्थापन होऊन पॅलेस्टिनी विस्थापित झाले त्या वर्षाला, ‘नकबा’ म्हणजे अरिष्ट म्हणतात; १९६७ला सरकारी शब्द मिळाला ‘नक्सा’, म्हणजे दुखणं उलटणं. कब्बानी मात्र सुरुवातच जुन्या भाषेच्या मृत्यूची बातमी देऊन करतो. पराभवाचं खापर तो शत्रूआधी पोकळ वक्तृत्वावर फोडतो. या कवितेवर इजिप्तमध्ये बंदी आली. त्याने थेट राष्ट्राध्यक्ष नासरला पत्र लिहिल्यावर ती उठली.

याला मुक्तछंद समजू नका. ओळी लहानमोठ्या असल्या तरी गण कायम आहे: रजज, म्हणजे मराठी गझलकारांचा ‘गागालगा’ (गा गुरू, ल लघू). मधूनच ‘लगालगा’ किंवा ‘गाललगा’ येतं, ती चूक नव्हे, मान्य सूट आहे. पेन्सिलीने खुणा करत मोठ्याने वाचा. ओळ दोन गणांतच तुटते तिथे धाप लागल्यासारखं होतं, आणि ती धाप कोणत्याही भाषांतरात उतरत नाही.

हान्स वेअरचा अरबी कोश उत्तम, पण धातूनुसार लावलेला: ‘मकतब’ म-खाली नाही, क-त-ब खाली सापडेल. पहिला महिना यातच जातो.

इजिप्शियन कवी अमल दुन्कुलची झरका अल्-यमामावरची कविता सर्वांत जड. आधी दंतकथा वाचा: झरकाला दुरून झाडं चालत येताना दिसतात, लोक विश्वास ठेवत नाहीत, झाडांआड सैन्य असतं. शेवटी तिचेच डोळे काढले जातात. हे ठाऊक नसेल तर रक्ताने माखलेला सैनिक तिच्यापुढे का उभा आहे, आणि कविता ‘एकटी, आंधळी’ या शब्दांवर का थांबते, ते कळत नाही.