कंट्री ब्लूज गिटार: पहिली वाट हर्टची, टेक्सासची की स्लाइडची?

कंट्री ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं, एकट्याने गिटार वाजवत गायचं ग्रामीण संगीत. ते शिकायला निघालेला माणूस बहुतेक वेळा रॉबर्ट जॉन्सन हा गायक-गिटारवादक ऐकून आलेला असतो आणि तिथेच अडकतो. जॉन्सनने १९३६मध्ये सॅन अँटोनिओत आणि १९३७मध्ये डॅलसमध्ये मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. खर्ज, मधला ठेका, वरची सुरावट आणि वर गाणं, हे सगळं एकटा माणूस सांभाळतो. हे पहिल्या वर्षाचं काम नाही. त्याला ऐकत राहा, पण वाजवायला घेऊ नका. मग उरतात तीन वाटा: मिसिसिपी जॉन हर्टचा दोन तारांवर झुलणारा खर्ज, टेक्सासच्या लाइटनिन हॉपकिन्स आणि मॅन्स लिप्सकॉम यांची एकाच तारेवर ठोका देत राहण्याची रीत, आणि तारा वेगळ्या सुरांत लावून काचेच्या किंवा धातूच्या नळीने वाजवायची स्लाइड.

पहिल्या दोन वाटांमधला खरा फरक उजव्या हाताच्या अंगठ्याचा आहे. हे संगीत वाजवणारे कृष्णवर्णीय शेतमजूर आणि फिरते गवई शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी लोकांना नाचवायचे. सोबतीला ढोल नाही, बेस नाही, बरेचदा दुसरा माणूसच नाही. नाचणाऱ्यांचे पाय सांभाळायची जबाबदारी अंगठ्यावर असायची. म्हणून इथे डाव्या हाताच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) थोड्याच लागतात आणि त्या कुठल्याही क्लासमध्ये शिकवतात. माणूस अडतो तो अंगठ्यापाशी.

हर्ट

हर्ट मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉन या खेड्यातला. १९२८मध्ये ओके (Okeh) या रेकॉर्ड कंपनीने मेम्फिस आणि न्यूयॉर्कमध्ये त्याची गाणी मुद्रित केली. ती फारशी खपली नाहीत आणि गडी परत शेतीकडे वळला. त्यातल्या एका गाण्यात त्याने आपल्या गावाचं नाव घेतलं होतं. त्या धाग्यावरून १९६३मध्ये एका तरुण चाहत्याने त्याला शोधून काढलं. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवत होता. १९६६मध्ये गेला, पण त्या तीन वर्षांत पुन्हा ध्वनिमुद्रणं झाली, चित्रीकरणही झालं. लोकगायक पीट सीगरच्या टीव्ही कार्यक्रमात त्याचे हात जवळून दिसतात, नवशिक्याने ते बघावेतच.

त्याच्या वाजवण्याचं सूत्र असं: जी कॉर्ड धरली की अंगठा सहावी (सगळ्यांत जाड) तार, चौथी, पुन्हा सहावी, पुन्हा चौथी असा चारही मात्रांवर चालतो. तर्जनी आणि मधलं बोट वरच्या तारांवर गाण्याची चाल काढतात. चाल अंगठ्याबरोबर पडते तोवर सगळं सोपं असतं. ती दोन मात्रांच्या मधे पडायला लागली की अंगठा बोटांच्या मागे धावतो आणि सगळा डोलारा कोसळतो. इथे बरेच जण सोडून देतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: अंगठा इतका घोटायचा की तो चालू असताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. मग चालीचा एकेक सूर, अर्धं आवर्तन (चारपैकी दोन मात्रा) घेऊन, अगदी संथ लयीत बसवायचा. ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’पासून सुरुवात करणं सोयीचं, कारण ते जवळजवळ संपूर्ण जी कॉर्डवरच राहतं. डाव्या हाताची कटकट नाही, सगळं लक्ष उजव्याकडे.

या वाटेचा मोठा फायदा म्हणजे न गाताही तुकडा पुरा वाटतो. खोलीत एकटं बसून वाजवणाऱ्याला, गळा नसलेल्याला किंवा शेजाऱ्यांची भीड असलेल्याला हीच वाट बरी. पण सी, एफ, जी-सेव्हन या कॉर्ड न अडखळता बदलता येत नसतील तर आधी ते करा. दोन्ही हात एकाच वेळी नवखे असले की फार हाल होतात.

डावखुऱ्यांसाठी जाता जाता: नॉर्थ कॅरोलायनाच्या एलिझाबेथ कॉटन उजव्या हाताची गिटार उलटी धरायच्या. खर्ज बोटांनी, चाल अंगठ्याने. ऐकणाऱ्याला ते कळतही नाही.

टेक्सास

इथे अंगठ्याला एकच काम. ई कॉर्डमध्ये सहावी तार मोकळी, ए कॉर्डमध्ये पाचवी मोकळी, आणि चारही मात्रांवर तोच ठोका. तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगाला अडकवतात त्या पट्टीजवळ) तारांवर हलकी टेकवली की आवाज दबका, थपथपल्यासारखा येतो. खर्जाच्या तारा मोकळ्याच वाजत असल्यामुळे डावा हात वरच्या तारांवर फिरायला रिकामा राहतो. बारा आवर्तनांचा साचा पाठ करायला एक संध्याकाळ पुरते: चार ई, दोन ए, दोन ई, मग एक बी-सेव्हन, एक ए, शेवटी दोन ई. एक ओळ गायची आणि तिचं उत्तर गिटारने द्यायचं. सवाल-जवाब ऐकत वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या कानाला इथे आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. ईमध्ये पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) म्हणजे कोमल गांधार. तार किंचित ओढली की सूर कोमल आणि शुद्ध यांच्या मधे जाऊन बसतो, आणि ब्लूजचा जीव तिथेच आहे. पियानोला ती जागा नाही. ज्याने थोडंफार गाणं शिकलं आहे त्याला ती जागा इतरांपेक्षा लवकर सापडते.

सुरुवातीला हॉपकिन्सबरोबर वाजवायला बसू नका, लिप्सकॉमला धरा. हॉपकिन्स मनाला येईल तेव्हा कॉर्ड बदलतो, बारा आवर्तनांचा हिशेब त्याच्याकडे नाही. सोबतीला बसलेले कसलेले वादकही चुकायचे. लिप्सकॉम टेक्सासमधल्या नवासोटाचा, आयुष्य शेतात गेलं, पहिलं ध्वनिमुद्रण १९६०मध्ये, वयाच्या ६५व्या वर्षी. तो नाचासाठी वाजवणारा, त्यामुळे लय दगडासारखी पक्की.

तोटा सरळ आहे. गायलं नाही तर ही रीत पाचव्या मिनिटाला एकसुरी होते. आणि पुढे हर्टकडे वळायचं ठरवलं तर एका तारेची सवय झालेला अंगठा काही काळ हट्ट करतो. तरीही कधीच गिटार हातात न धरलेल्याला मी हीच वाट सांगेन. पहिल्या महिन्यात ब्लूज वाजतो आहे असं स्वतःला वाटणं महत्त्वाचं असतं, आणि तेवढं इथेच मिळतं.

स्लाइड

स्लाइडमध्ये अडचण डाव्या हाताकडे जाते. ओपन जीसाठी सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक स्वर खाली उतरवायची. ओपन डीमध्ये सहावी, दुसरी आणि पहिली एकेक स्वर, तिसरी अर्धा. मग मोकळ्या तारा छेडल्या तरी कॉर्ड वाजते. यामुळे स्लाइड सोपी वाटते, आणि ही समजूत फसवी आहे. नळी फ्रेटच्या मागे नाही, बरोबर फ्रेटच्या पट्टीवर यावी लागते. केसभर इकडेतिकडे झालं की बेसूर. मागची बोटं तारांवर टेकवून खरखर दाबावी लागते. नळी करंगळीत घातली तर बाकीची तीन बोटं कॉर्डला मोकळी राहतात.

ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७चं ‘डार्क वॉज द नाइट’ ऐकलं की स्लाइड गळ्याच्या किती जवळ जाते ते समजतं. त्यात शब्द नाहीत, नुसता हुंकार आणि त्याला बिलगून चालणारी तार. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीत ते आहे. मींड ज्याच्या कानात आहे, म्हणजे गायक, व्हायोलिनवाला, सतारिया, त्याने दुसऱ्या वाटा सोडून थेट इथे यायला हरकत नाही. मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्या १९९३च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं, तेव्हा हे नातं जगाला दिसलं होतंच. फक्त लक्षात ठेवा, मोहनवीणा आणि जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. इथे गिटार नेहमीसारखीच उभी धरायची. बाकीच्यांनी स्लाइड दुसऱ्या वर्षावर टाकावी.

मुंबईतल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवामुळे या संगीताकडे वळलेल्यांना एक सूचना. तिथे ऐकू येतो तो बहुतांशी इलेक्ट्रिक ब्लूज. ती लांबवलेली सोलो हवी असतील तर वरच्या तिन्ही वाटा तुमच्या नाहीत.

शिकताना टॅब्लेचर (कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते दाखवणारं लेखन) आणि कान यांतलं काय निवडायचं, हाही प्रश्न येतो. हर्टसाठी टॅब्लेचर घ्या, कारण तिथे सुरांचा क्रम नेमका आहे. टेक्सासच्या रीतीत त्याचा उपयोग कमी, गाणं दर कडव्याला बदलतं. जुन्या तबकड्यांचा वेग नेहमी अचूक नसायचा, त्यामुळे मूळ रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना तुमची गिटार पाव-अर्धा स्वर वेगळी वाटू शकते. ट्यूनर बंद करा आणि तारा रेकॉर्डिंगला जुळवा.

गिटार लोखंडी तारांची घ्या, नायलॉनची नको. लहान अंगाची असेल तर उत्तम. त्या काळच्या अनेकांकडे स्टेलासारख्या स्वस्त गिटारीच होत्या, तेव्हा महागडी रेझोनेटर (आवाज मोठा करायला आत धातूचा पडदा असलेली गिटार) घेण्याचं कारण नाही. हर्ट आणि टेक्साससाठी तारा फ्रेटच्या जवळ असाव्यात. स्लाइडला थोड्या उंच आणि जाड हव्यात. घरात तारा उंच झालेली, कुणी हात लावत नाही अशी जुनी गिटार पडून असेल तर ती स्लाइडला लावा आणि दुसरी दुकानातून बघून, वाजवून घ्या.