नेस्टिंग आधी घ्यायचं की डेव्हलपमेंटचं सॉफ्टवेअर?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत तुमचं चार-सहा माणसांचं फॅब्रिकेशनचं शेड असेल, तर सॉफ्टवेअर विकायला येणारा पहिल्यांदा नेस्टिंगच, म्हणजे कमीत कमी पत्र्यात पार्टची मांडणी, दाखवतो. स्क्रीनवर ८ बाय ४ फुटांच्या पत्र्यात पार्ट सरकत सरकत घट्ट बसतात, खाली टक्केवारी चढत जाते. बघणारा भुलतोच. मीही भुललो आणि वर्षाचा परवाना घेतला. महिनाभरात कळलं की आमचं बरंचसं कटिंग बाहेर जॉबवर्कला जातंय आणि नेस्टिंग लेझरवालाच त्याच्या मशीनवर करतोय. आमचं भंगार कटिंगच्या टेबलावर नाही, प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर तयार होत होतं.

म्हणून तुलना करायची ती दोन कंपन्यांची नाही, दोन कामांची. एक, पार्टची डेव्हलपमेंट, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याचं माप, बरोबर काढणं. दुसरं, ते पार्ट पत्र्यात बसवणं.

डेव्हलपमेंटचं उदाहरण घ्या. २ मिमी एमएसचा (साध्या पोलादाचा) एल ब्रॅकेट, बाहेरून ५० आणि ३०, बेंड ९० अंश, आतला रेडियस २. आमचे मिस्त्री बेंडमागे पत्र्याची दुप्पट जाडी वजा करतात, म्हणजे ७६. सॉफ्टवेअरमध्ये के फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा, न दबणारा थर जाडीत कुठे आहे ते सांगणारा आकडा) ०.३३ धरला तर ७६.१८ येतं, ०.४२ धरला तर ७६.४६ आणि ०.५ धरला तर ७६.७१. एका ब्रॅकेटला कोण विचारतो? पण पॅनेलच्या दाराला दोन्ही बाजूंनी डबल फोल्ड असला की रुंदीत चार बेंड येतात आणि ०.३३ ते ०.५ हा फरक दोन मिलिमीटरच्या वर जातो. मग दार फ्रेमला घासतं, ग्राइंडर निघतो, पावडर कोटिंग परत.

इथे सॉफ्टवेअर घेतल्या घेतल्या चमत्कार होत नाही. त्याला तुमचा प्रेस ब्रेक माहीत नसतो. एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना, आतला रेडियस डायवर ठरतो : १२ मिमी रुंद खाचेच्या व्ही डायवर साधारण २, तर १६ च्या डायवर अडीचच्या आसपास. ऑपरेटरनं घाईत डाय बदलली की अचूक डेव्हलपमेंटही चुकते. उपाय सोपा आहे. बरोबर १०० मिमीची पट्टी कापा, मधोमध बेंड मारा, बाहेरून दोन्ही बाजू मोजून बेरीज करा. १०० च्या वर जेवढं भरेल तेवढं त्या जाडीचं, त्या डायचं बेंड डिडक्शन, म्हणजे बेंडमागे वजा करायचं माप. प्रत्येक जाडी आणि डायच्या जोडीला एक पट्टी, अर्ध्या दिवसाचं काम. तोच तक्ता सॉफ्टवेअरमध्ये भरायचा.

हे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं? सॉलिडवर्क्स महाग, पण त्यावर हात बसलेली मुलं मिळतात आणि गिऱ्हाइकाच्या फाइलीही बऱ्याचदा त्यातच येतात. फ्यूजन या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा फुकट वैयक्तिक परवाना धंद्याच्या कामाला चालत नाही, हे विसरू नका. फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरला शीट मेटलची जोडणी टाकली की साधे बेंड उलगडतात, के फॅक्टर देता येतो, आणि व्यावसायिक वापरालाही ते फुकट आहे. शिकायला मात्र चिकाटी लागते. ब्रॅकेट, कव्हर, बॉक्स एवढंच काम असेल तर मी फ्रीकॅडवरच सुरुवात करेन. फाउंड्रीच्या डस्ट कलेक्टरची डक्टिंग, हॉपर, चौकोनातून गोल होणारे तुकडे रोजचे असतील तर पैसे टाकून सॉलिडवर्क्स घ्या. पत्र्यावर खडूनं बारा भाग पाडून ते काढणारे मिस्त्री आता निवृत्तीला आलेत.

आता नेस्टिंग. विक्रेता बचत मोजतो ती नव्या पत्र्याच्या भावानं. पण उरलेला पत्रा आपण फेकत नाही, भंगारात विकतो. म्हणून खरी बचत म्हणजे दोन भावांमधला फरक. २५०० बाय १२५० चा २ मिमी पत्रा सुमारे ४९ किलो. महिन्याला ३० पत्रे लागत असतील आणि नेस्टिंगनं ३ टक्के वाचले तर साधारण ४४ किलो. भावातला फरक किलोला ३० रुपये धरला तर तेराशे रुपये. २०० पत्र्यांना तोच हिशोब पावणेनऊ हजारांच्या आसपास जातो. तुमचा आजचा भाव घालून बघा.

स्वतःचा फायबर लेझर असेल तर त्यावर बऱ्याचदा सिपकट हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर असतंच, आणि त्यातलं नेस्टिंग एकाच जाडीच्या, मोजक्या पार्टना पुरतं. ऑपरेटर मशीन थांबवून नेस्टिंग करत बसत असेल तर ते काम ऑफिसच्या संगणकावर न्या. सिपनेस्ट त्यासाठीच आहे. सिग्मानेस्ट किंवा लँटेक यांसारख्या मोठ्या नेस्टिंग सॉफ्टवेअरचा विचार कधी? रोज वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे पार्ट एकाच पत्र्यात घालायचे असतात आणि कोपऱ्यात उरलेल्या तुकड्यांचा ढीग साठतो तेव्हा. कुठला तुकडा किती जाडीचा, किती मापाचा, हे ती लक्षात ठेवतात. डीपनेस्ट फुकट आहे, पण ते फक्त मांडणी करतं. लीड-इन (लेझर पार्टच्या कडेवर येण्याची सुरुवातीची रेषा), कापायचा क्रम काही देत नाही. कोटेशनला किती पत्रे लागतील याचा अंदाज काढायला मी तेच वापरतो.

जाड किंवा कडक पत्रा वाकवत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा : पार्ट फिरवण्यावर बंधन घालता येतं का. जागा वाचवायला सॉफ्टवेअरनं पार्ट आडवा केला आणि बेंड रोलिंगच्या दिशेला समांतर आला, तर बाहेरच्या अंगाला चीर जाते.

डेमोला स्वतःच्या गेल्या महिन्यातल्या पाच डीएक्सएफ, म्हणजे कटिंगच्या ड्रॉइंगच्या फाइली, घेऊन जा. त्यात एक अशी हवी जिच्यात रेषेवर रेषा बसलीय, म्हणजे लेझर तीच कड दोनदा कापेल. सॉफ्टवेअर ती पकडतं का ते समोर बसून बघा. मला दाखवले होते ते सगळे पार्ट विक्रेत्याचे होते, आणि त्यातल्या एकालाही बेंड नव्हता.