हेडसेट की करंटचं मशीन? वारं गेलेल्या हातासाठी घरी काय ठेवावं

अंगावरून वारं गेल्याला तीन-चार महिने झाले की हा प्रश्न येतोच. पेशंट काठी टेकत पडवीपर्यंत येतो, पण हाताची मूठ काही सुटत नाही. मग मुंबईहून मुलगा विचारतो, व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आतल्या आभासी जगात खेळायचा चष्मा) पाठवू की ते करंटचं मशीन?

आधी एक घोळ निस्तरू. नर्व्ह स्टिम्युलेशन, म्हणजे नसांना करंट देणं, या नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. मेडिकलमध्ये सहज मिळतं ते बहुधा टेन्स. ते दुखणं कमी करायला असतं. त्याने मुंग्या येतात, बोटं उघडत नाहीत. दुसरं, मानेतून जाणाऱ्या व्हेगस नसेसाठी शस्त्रक्रिया करून बसवायचं उपकरण. अशक्त हातासाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांच्या सरकारी खात्याने, त्याला 2021 मध्ये मान्यता दिली, पण ते घरी मागवायचं काम नव्हे. तिसरं एफईएस: कातडीवर पॅड लावायचे आणि करंटने स्नायू प्रत्यक्ष हलवायचा. खाली मशीन म्हटलंय ते हेच.

व्हीआरची बाजू अगदीच पडकी नाही. तोच हात तीसदा पुढे करायला सांगितला की माणूस कंटाळतो. समोर फळं तरंगत आली की न मोजता शंभरदा करतो. पण कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या 2017 च्या आढाव्यात 72 अभ्यास तपासले होते, त्यात नेहमीच्या व्यायामाऐवजी व्हीआर दिल्याने हाताला विशेष जास्त फायदा दिसला नाही. व्यायामाला जोड म्हणून दिलं, एकूण वेळ वाढला, तेव्हा दिसला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 141 पेशंटच्या चाचणीत एका गटाला निन्टेन्डो वी हा हात हलवून खेळायचा व्हिडिओ गेम दिला, दुसऱ्याला पत्ते, जेंगा असले बैठे खेळ. दोन्ही गट सारखेच सुधारले. गणपतीत पत्त्यांचा डाव कोकणात आपसूक बसतो, तो फुकट आहे.

तरी माझं मत मशीनकडे झुकलं ते अभ्यासांमुळे नाही, हेडसेट सुरू करण्याच्या कटकटीमुळे. घरात बहुतेक दोघंच, आणि बायकोही साठीच्या पुढची. तिने हेडसेट स्वतः घालून इंग्रजी मेनूतून खेळ शोधायचा, मग काढून पेशंटच्या डोक्यावर चढवायचा. तेवढ्यात स्क्रीन झोपते, समोरची दिशा बदलते, जागेची हद्द पुन्हा आखायला सांगते. आत काय दिसतंय ते तिला बाहेरून कळत नाही. ते फोनवर बघायला वायफाय हवं, आणि पावसात लाइट गेली की राउटरही गेला. कंट्रोलर धरावा तर मूठ त्यावर नीट बसत नाही. नुसत्या हाताने खेळावं तर वळलेली बोटं कॅमेऱ्याला ओळखू येत नाहीत, माजघराच्या अंधारात तर नाहीच. चांगल्या हाताची चिमूट मात्र लगेच ओळखतो, की पेशंट त्याच हाताने खेळू लागतो. आजारी हात वापरलाच, तर कमरेतून झुकून, खांदा उचलून फळ टिपतो. खेळाला काय, फळ टिपल्याशी मतलब. गुण मिळतात आणि चुकीची सवय पक्की होते. असा हेडसेट बहुधा महिन्याभरात कपाटात जातो.

मशीनची कटकट आहे, पण ती हाताने सुटणारी आहे. तळहात खाली ठेवून पहिला पॅड कोपराच्या बाहेरच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, दुसरा त्याच रेषेत कोपर-मनगटाच्या मध्यावर. 5 बाय 5 सेंटिमीटरचे पॅड पुरतात. साधारण 35 हर्ट्झ, पल्स 300 मायक्रोसेकंद, करंट चढायला 2 सेकंद, 10 सेकंद चालू आणि निदान 20 सेकंद बंद. 15 मिनिटांनी सुरुवात. मिलिअँपिअरचा आकडा बघू नका, मनगट बघा. मनगट अंगठ्याकडे वाकत असेल तर पॅड करंगळीच्या बाजूला थोडा सरकवा. मनगट उचलतं पण बोटं वळलेलीच राहत असतील तर खालचा पॅड मनगटाकडे न्या. जागा जमली की पेनाने चौकोन आखून फोटो काढून ठेवा. दहा मिनिटांनी हालचाल मंदावली तर करंट वाढवू नका. स्नायू थकलाय, बंद वेळ वाढवा.

नुसतं लावून टीव्ही बघत बसण्यात फारसा अर्थ नाही. करंट आला की पेशंटने स्वतःही बोटं उघडायची, पेल्याभोवती न्यायची. बंद झाला की धरून उचलायचं. पुढच्या करंटला सोडायचं.

इथला खरा शत्रू तेल. सकाळी मालिश करून त्याच हातावर पॅड लावतात. तेलकट कातडीवर पॅड अर्धवट चिकटतो, करंट तेवढ्याच जागेतून जातो आणि चटका बसतो. साबणाने धुवून पुसा, मालिश नंतर करा. जूनपासून घामाने पॅड लवकर सुटतात. पावसाळ्यासाठी दोन जोड जास्त ठेवा, वापरून झाले की मूळ प्लास्टिकवर चिकटवून बंद पिशवीत घाला. हाताला स्पर्श कळत नसेल तर भाजलेलं कळणार नाही, म्हणून दर वेळी पॅडखालची कातडी तपासा. पेसमेकर असेल तर मशीन लावू नका, मानेच्या पुढच्या भागावर कधीच नाही. फिट येत असतील तर मशीन आणि हेडसेट, दोन्हींसाठी आधी डॉक्टरांना विचारा.

डाव्या बाजूचं भानच सुटलं असेल, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहत असेल, तर मात्र व्हीआरला मी नाही म्हणणार नाही, हेडसेट लावून द्यायला रोज कोणी असेल तर. पाय टेकलेले, खुर्ची बिनचाकांची, वेळ 10 मिनिटं, आणि गरगरलं की लगेच काढायचं. तेही पॅडचा व्यायाम उरकल्यावर, कारण आधी खेळलेला माणूस पेल्याकडे वळत नाही.