सर्व्हर-नेटवर्किंगच्या कोर्सला पैसे भरण्याआधी हे वाचा

'नेटवर्क इन्फ्रास्ट्रक्चरचं प्लॅनिंग आणि मेंटेनन्स' शिकवतो असं सांगून एका क्लासने माझी आणि आमच्या अख्ख्या बॅचची फसवणूक केली. क्लासचं नाव इथे लिहीत नाही. पण ही पद्धत ओळखू यावी, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'एमसीएसई' होतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं एक सर्टिफिकेट. खाली विषय: आयपी अ‍ॅड्रेसिंगचं नियोजन, डीएनएस, विन्स, राउटिंग, आयपीसेक, सर्टिफिकेट सर्व्हिसेस, क्लस्टरिंग. नवख्या माणसाला वाटतं, केवढा भरगच्च कोर्स! ही यादी जवळपास जशीच्या तशी विंडोज सर्व्हर २००३ च्या ७०-२९३ या जुन्या परीक्षेतून उचललेली होती. त्या सर्व्हरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०१५ रोजी थांबवला. एमसीएसईच्या परीक्षाही ३१ जानेवारी २०२१ रोजी कायमच्या बंद झाल्या, त्यानंतर ते सर्टिफिकेट नव्याने कोणालाच मिळत नाही. आमचे प्रवेश झाले ते या तारखेनंतर. 'परीक्षेची फी यातच धरली आहे' असं काउन्सेलर प्रत्येकाला सांगत होती. कोणती परीक्षा, तिचा कोड काय, हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. हातात पडला तो क्लासने स्वतःच छापलेला कागद. त्यावर तीच चार अक्षरं, आणि खाली संचालकांची सही.

लॅबची फी वेगळी घेतली, 'ओरिजिनल लायसन्स'च्या नावाखाली. प्रत्यक्षात प्रत्येक स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली इव्हॅल्युएशन कॉपीची ओळ दिसायची. ही चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या साइटवर कोणालाही १८० दिवसांसाठी फुकट मिळते. मुदत संपली की सर्व्हर दर तासाला आपोआप बंद पडतो. आमच्याकडे तेच व्हायचं. डीएनएसचा झोन बनवता बनवता स्क्रीन काळी, की सर म्हणायचे, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, पुन्हा चालू करा." बॅचमधल्या एका मुलीने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी (लॉग) दाखवणारा प्रोग्रॅम, उघडला. लायसन्सची मुदत संपल्यामुळे सिस्टीम बंद होत असल्याची नोंद त्यात स्पष्ट होती. सरांनी तिला, "हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही," म्हणून गप्प केलं. मेंटेनन्सच्या कोर्सला लॉग वाचणं सिलॅबसबाहेर! मला सगळ्यात जास्त चीड याची येते. ती मुलगी त्या क्षणी जे करत होती, तेच तर आम्ही शिकायला आलो होतो.

बाकी शिकवणं म्हणजे नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. रोल (सर्व्हरवरची एखादी सेवा) इन्स्टॉल करायचा, स्क्रीनशॉट काढून वहीत चिकटवायचा आणि दुसऱ्या बॅचसाठी मशीन स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी जतन केलेल्या कोऱ्या स्थितीत, परत न्यायचं. त्यामुळे कोणताही सर्व्हर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलाच नाही. बिघडलेलं काही शोधलं नाही, बॅकअपवरून काही परत आणलं नाही.

याची किंमत मुलाखतीत कळते. मला विचारलं, "डीएचसीपी सर्व्हर आत्ता बंद पडला, तर ऑफिसला कधी कळेल?" डीएचसीपी म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा. मला विझार्डचा प्रत्येक पडदा पाठ होता, उत्तर मात्र येईना. उत्तर नंतर स्वतः बसून शोधलं. विंडोजमध्ये लीज, म्हणजे मिळालेला पत्ता वापरायची मुदत, मुळात ८ दिवसांची असते आणि निम्मी मुदत झाली की मशीन ती वाढवून मागतं. म्हणून सतत चालू असलेल्या मशीनकडे साधारण ४ दिवस तरी शिल्लक असतात आणि तोवर सगळं सुरळीत वाटतं. ज्याच्याकडे लीजच नाही, असं नवं मशीन मात्र लगेच १६९.२५४ ने सुरू होणारा, स्वतःच ठरवलेला पत्ता घेऊन अडकतं. यावरूनच लीज किती दिवसांची ठेवायची आणि दुसरा डीएचसीपी सर्व्हर जोडीला हवा का, हे ठरतं. प्लॅनिंग ते हेच. विंडोज सर्व्हर २०१२ पासून दोन सर्व्हरमध्ये डीएचसीपी फेलओव्हर लावता येतो, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा काम चालवतो. हा शब्द आमच्या वर्गात कधी उच्चारलाही गेला नाही.

कोर्सच्या शेवटी 'परीक्षेत येणारे प्रश्न' म्हणून उत्तरांसकट पीडीएफ वाटल्या. असले डंप घेऊ नका. खऱ्या परीक्षेला बसताना प्रश्न गुप्त ठेवण्याचा करार मान्य करावा लागतो आणि डंप वापरल्याचं आढळलं तर निकाल रद्द होऊन पुढच्या परीक्षांवरही बंदी येऊ शकते.

आता पैशांचं. 'फी सोप्या हप्त्यांत' म्हणून ज्या फॉर्मवर सह्या घेतल्या, तो एका फायनान्स कंपनीच्या कर्जाचा अर्ज होता. पूर्ण रक्कम क्लासला पहिल्याच दिवशी मिळाली. नंतर शिकवणारे सर सोडून गेले, वर्ग बंद पडले, हप्ते मात्र आमच्या नावावर चालूच आहेत. क्लासवाले फायनान्स कंपनीकडे बोट दाखवतात, फायनान्सवाले क्लासकडे. 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे शब्द पावतीवर, करारावर कुठेच नाहीत, ते फक्त तोंडी होते.

तुम्ही चौकशीला जाल तेव्हा परीक्षेचा कोड लिहून मागा आणि तो सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा. विंडोज सर्व्हरसाठी एमसीएसईनंतर एझेड-८०० आणि एझेड-८०१ या परीक्षा आल्या. त्या किंवा आणखी नव्या, जे सांगतील ते तिथे सापडलं पाहिजे. चालू बॅचच्या लॅबमध्ये तासभर बसू द्या म्हणा. शिकवणाऱ्याला विचारा, तुमच्याकडे विद्यार्थी सर्व्हर मुद्दाम पाडून परत उभा करतात का? हो म्हणाले तर करून दाखवायला सांगा. सही करण्याआधी कागदावर कर्ज देणाऱ्याचं नाव आहे का पाहा, आणि वर्ग बंद पडला तर पैसे कसे परत मिळतील ते लेखी घ्या.

अडकलाच असाल तर माहितीपत्रक, पावत्या, चॅट, सगळं जपून ठेवा आणि तक्रार क्लास आणि फायनान्स कंपनी दोघांच्याही नावे लेखी करा. आम्ही बॅचमधल्या काही जणांनी मिळून तशी केली आहे, निकाल अजून यायचा आहे. तोवर मी त्याच फुकट आवृत्तीवर घरच्या लॅपटॉपमध्ये दोन व्हर्च्युअल सर्व्हर चढवले आहेत. एक बंद करायचा आणि दुसरा भार उचलतो का ते लॉगमध्ये पाहायचं, एवढाच सराव सध्या रोज चालू आहे.