लातूरच्या गच्चीवर लोबेलिया : साडेसात महिन्यांच्या जोपासनेनंतरचा अनुभव

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लोबेलिया या निळ्या फुलांच्या छोट्या झाडाच्या बियांचे पाकीट उघडले आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटचे रोप कुंडीतून काढले. मधल्या साडेसात महिन्यांत हे झाड लातूरच्या हवेत कसे वाढते आणि कशाने खचते, हे रोज सकाळ-संध्याकाळ पाहिल्यानंतरच हा अनुभव लिहीत आहे. आरंभीच सांगते, की आपल्याकडे हे झाड केवळ थंडीचे आहे. पाकिटावर ‘दीर्घकाळ फुलणारे’ असे छापलेले होते, पण माझ्या गच्चीवर खरा बहर डिसेंबरअखेरीपासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच टिकला. त्या अडीच महिन्यांसाठी आधीचे तीन महिने नेटाने राबण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेच ते लावावे. माझी होती, कारण असा गर्द, जांभळ्याकडे न झुकणारा निळा रंग मी आमच्या गच्चीवर यापूर्वी फक्त गोकर्णाच्या वेलावर पाहिला होता.

‘आफ्रिकी लोबेलिया’ म्हणून शोधू लागल्यास दोन अगदी वेगळी झाडे समोर येतात, त्यामुळे आधी तेवढे स्पष्ट करणे आवश्यक आहे. किलिमांजारो आणि माउंट केनियाच्या उंच उतारांवर माणसापेक्षाही उंच वाढणारे महाकाय लोबेलिया असतात, जे रोज रात्री गोठणारी थंडी सोसतात. ते आपल्या हवामानात कुंडीत लावण्याचे झाड नव्हे. कुंडीत लावतात तो लोबेलिया एरिनस. तो मूळचा दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचा असून वीतभरापेक्षा क्वचितच उंच वाढतो. लोबेलिया हे नाव मथियास दे लोबेल (१५३८–१६१६) या वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले आहे. या कुळातली एक वनस्पती आपल्या सह्याद्रीतही आहे. महाबळेश्वरच्या बाजूला पुरुषभर वाढणारी, पांढऱ्या फुलांची धवळ किंवा देवनळ ही याच लोबेलियाची बहीण होय, हे कळल्यापासून मला हे झाड परके वाटेनासे झाले.

आता बियांविषयी. पाकीट उघडले तेव्हा आत बी आहे की नुसती धूळ, असा मला प्रश्न पडला. खसखस याच्यापुढे टपोरी म्हणावी, इतके हे बी बारीक असते. रंग आणि पोत तपकिरीसारखा आणि एका ग्रॅममध्ये सुमारे ३०,००० बिया. पहिल्या वेळी मी मेथी-कोथिंबीर पेरावी तसे ते पेरून वर बोटभर मातीचा थर दिला, आणि वीस दिवसांत एकही अंकुर वर आला नाही. या बीला उगवण्यासाठी उजेड लागतो. ते मातीखाली झाकले की उगवत नाही. त्याच महिन्यात दुसऱ्या ट्रेमध्ये न झाकता पेरले, तेव्हा ते उगवले, परंतु परतीच्या पावसाची दमट उष्ण हवा आणि माझी झारी यांमुळे रोपे बुंध्याशी काळी पडून चार दिवसांत कोलमडली. रोपमर हा रोग मिरचीच्या वाफ्यात पाहिलेला होता, तरी इतक्या नाजूक रोपांवर तो किती झपाट्याने पसरतो, हे ध्यानात यायला निम्मे पाकीट खर्ची पडले.

तिसरी पेरणी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात केली आणि तीच साधली. चाळलेले कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग आणि धुतलेली बारीक वाळू एक भाग असे मिश्रण उथळ ट्रेमध्ये भरले. चिमूटभर बी चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून पृष्ठभागावर भुरभुरले, तळहाताने हलकेच दाबले आणि वर काही घातले नाही. पाणी झारीने देण्याऐवजी ट्रे पाण्याच्या परातीत ठेवला, म्हणजे ओल खालून चढते आणि बी वाहून जात नाही. वर काचेचा तुकडा ठेवला व तो रोज सकाळी पुसून उघडला. चौदाव्या दिवशी ट्रेवर हिरवी बुरशी आल्यासारखे दिसले; चष्मा लावून पाहिल्यावर ती शेकडो रोपे असल्याचे लक्षात आले. ही रोपे एकेकटी उचलता येत नाहीत आणि उचलूही नयेत. सहा-सात आठवड्यांनी, रोपे दीड-दोन इंचांची झाल्यावर, मी आठ-दहा रोपांचा एकेक झुबका मातीसकट चमच्याने उचलून आठ इंचांच्या कुंडीत तीन-तीन झुबके लावले, आणि अशा सहा कुंड्या तयार झाल्या.

मातीच्या बाबतीत मराठवाड्यातल्या वाचकाने विशेष जपावे, असे मला मनापासून वाटते. आपली काळी माती कापसाला आणि हरभऱ्याला सोन्यासारखी, पण लोबेलियाच्या केसासारख्या मुळांना ती मानवत नाही. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळे तोडते. शिवाय ती विम्लधर्मी असते, आणि या झाडाला किंचित आम्लधर्मी किंवा उदासीन माती हवी असते. सहापैकी एका कुंडीत मी तुलनेसाठी मुद्दाम अर्धी काळी माती घातली होती. त्या कुंडीतली रोपे शेवटपर्यंत खुरटी राहिली.

पाण्याचा प्रश्न मातीपेक्षाही अवघड ठरला. लोबेलियाची माती सतत ओलसर लागते. ती एकदा पूर्ण कोरडी पडली की झाड पाने गुंडाळून घेते आणि नंतर कितीही पाणी घातले तरी पूर्वपदावर येत नाही. त्याच वेळी कुंडीच्या तळाशी पाणी साचले तर मुळे कुजतात. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे डिसेंबरमध्ये तीन आठवडे मी बोअरचे पाणी घातले. नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहिल्या आणि मधला भाग पिवळा पडला, कुंडीच्या कडेला क्षारांचा पांढरा थर चढला. ही लोहाची कमतरता होती; लोह मातीत असूनही क्षारयुक्त, विम्ल पाण्यामुळे मुळांना ते घेता येत नव्हते. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातले लोह) मिसळून दोनदा फवारले आणि बोअरचे पाणी बंद केले, तेव्हा नवी पाने हिरवी येऊ लागली. घरातल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी बागेला वापरण्याची अनेकांना सवय असते. त्यात क्षार मूळ पाण्याहून अधिक असतात, म्हणून या झाडाला ते चुकूनही घालू नये.

याच सुमारास सासूबाईंनी एक रास्त प्रश्न विचारला : “हे फूल देवाला चालत नाही, गजऱ्याला येत नाही, मग रोज एवढं पाणी कशाला?” ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात हा प्रश्न कोणीही बाजूला सारू नये. मी हिशेब केला. थंडीत सहा कुंड्यांना मिळून दिवसाला सुमारे अडीच लिटर आणि मार्चमध्ये पाच लिटर पाणी लागत होते. त्यानंतर या कुंड्यांसाठी स्वतंत्र पाणी घ्यायचे नाही, असे ठरवले. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले नळाचे पाणी गाळून त्याच दिवशी वापरले, आणि थंडीत तेवढे पुरले. ते शिळे मात्र होऊ देऊ नये, कारण कुंडीला आंबूस वास येतो आणि चिलटे होतात.

पहिले फूल येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या दिवशी उमलले. शेतावर पूजा आणि भज्जी-आंबिलाचे जेवण आटोपून संध्याकाळी परतलो, तेव्हा गच्चीच्या पूर्वेकडच्या कुंडीत एक निळा ठिपका दिसला. जेमतेम अर्ध्या इंचाचे फूल, वर दोन निमुळत्या पाकळ्या, खाली तीन रुंद पाकळ्या आणि मधोमध पांढरा डोळा. जानेवारीच्या मध्यापर्यंत फुलांखाली पाने दिसेनाशी झाली. फुलोरी माश्या सकाळी नऊनंतर येत, आणि त्यांना पाहता पाहता या फुलाची रचनाही समजून घेतली. त्याचे पुंकेसर जुळून एक नळी झालेली असते, पराग त्या नळीच्या आत सांडतात, आणि वाढणारा कुक्षीचा दांडा पिचकारीच्या दट्ट्यासारखा ते पराग पुढे ढकलतो. पराग निघून गेल्यावरच कुक्षी उमलते. बोटाच्या पेरापेक्षा लहान फुलातली ही व्यवस्था मी भिंगाखाली शेजारच्या मुलांनाही दाखवली.

बियाण्याविषयी एक तक्रार नोंदवायलाच हवी. विक्रेत्याने सगळे बी खाली लोंबणाऱ्या प्रकाराचे असल्याचे सांगितले होते, म्हणून मी टांगत्या कुंड्या घेतल्या. प्रत्यक्षात निम्मी रोपे ठेंगणी, झुडूपवजा निघाली. घेताना जातीचे नाव पाहावे. ‘सफायर’ आणि ‘कॅस्केड’ या लोंबणाऱ्या जाती आहेत, तर ‘क्रिस्टल पॅलेस’ ही गर्द निळ्या फुलांची, तांबूस छटेच्या पानांची ठेंगणी जात आहे. केवळ ‘मिक्स’ लिहिलेले पाकीट मी पुन्हा घेणार नाही.

खताला फार महत्त्व देऊ नये. एकदा शेणाची पातळ स्लरी हात सैल सोडून घातली, तर पंधरा दिवस पानेच वाढली आणि फुले रोडावली. नंतर तीन आठवड्यांतून एकदा मूठभर गांडूळखत पुरेसे झाले. फेब्रुवारीत मावा आला, तो निंबोळी अर्काच्या दोन फवारण्यांनी आटोक्यात आला.

लहान मुले, मांजर किंवा शेळी असलेल्या घरी मात्र ही कुंडी हाताला-तोंडाला लागणार नाही अशीच ठेवावी. लोबेलियाच्या सर्व भागांत विषारी अल्कलॉइड्स असतात आणि ते पोटात गेल्यास मळमळ, उलट्या होऊ शकतात. सजावट म्हणूनही ही फुले ताटात ठेवू नयेत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले आणि फुले निम्म्यावर आली. अशा वेळी झाड अर्धे छाटले की थंड प्रदेशात ते पुन्हा फुटते, म्हणून मी तीन कुंड्या छाटल्या. दोन वाळून गेल्या, एकीला फूट आली पण कळी धरली नाही. न छाटलेल्यांपैकी दोन शेडनेटखाली महिनाअखेरपर्यंत टिकल्या. तिसरी कुंडी मी पडवीत माठाच्या तिवईशेजारी ओल्या वाळूवर ठेवली होती, जिथे ऊन येत नाही आणि माठ पाझरून गारवा राहतो. तिच्यावर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोज पाच-सहा फुले येत राहिली. तापलेली कोरडी हवा या झाडाचे मुख्य दुखणे आहे, हे त्या एका कुंडीने मला पटवले.

केवळ निळे फूल हवे असणाऱ्याला मी गोकर्णच सुचवीन. तो काळ्या मातीत येतो, बोअरच्या पाण्यावर जगतो, उन्हाला भीत नाही आणि देवालाही चालतो. लोबेलियासारखी कुंडीभर निळाई मात्र गोकर्णाकडून मिळत नाही. फेब्रुवारीअखेर वाळत आलेल्या बोंडांतून मी थोडे बी कागदावर झाडून घेतले आहे. ते मूळ जातीप्रमाणेच येईल याची खात्री नाही, तरी कागदाच्या पुडीत बांधून हवाबंद डबीत ठेवले आहे. दसऱ्यानंतर ते पेरीन, या वेळी फक्त दोन कुंड्यांत, आणि दोन्ही पहिल्यापासून पडवीजवळ, जिथे सकाळचे ऊन दहापर्यंत येते.