सूर दोन कानांत वेगवेगळा ऐकू येत असेल तर नौपाड्यातलं हे क्लिनिक

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण मला हवी होती तेव्हा अशी माहिती कुठेच मिळाली नाही. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर हे कानाच्या तपासणीचं क्लिनिक आहे, पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली सांगते.

मी ठाण्यात गाणं शिकवते, माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा माझा सा. गेल्या वर्षी एका सकाळी डावा कान एकदम बसला. ईएनटी डॉक्टरांनी लगेच स्टेरॉइड सुरू केलं आणि बरंचसं ऐकू परत आलं (एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर सर्दी असेल, मळ असेल म्हणून घरी थांबू नका प्लीज, त्याच दिवशी ईएनटीकडे जा, हे औषध जितकं लवकर तितकं चांगलं). पण नंतर जे सुरू झालं ते भयंकर होतं. तार गंधाराच्या (वरच्या सप्तकातल्या ग च्या) वर गेलं की उजव्या कानात एक सूर आणि डाव्यात त्याच्यापेक्षा चढा, पेटीची एकच पट्टी दाबलीय आणि ऐकू येतायत दोन. विद्यार्थिनी बरोबर गातेय की चढतेय हेच कळेना, तीस वर्षं ज्या कानावर भरवसा ठेवला तोच फसवतोय म्हटल्यावर माणूस आतून हलतो.

ह्याला डिप्लाक्युसिस म्हणतात हे मला इथल्या ऑडिओलॉजिस्ट (कानाची तपासणी करणाऱ्या) मॅडमनी पहिल्यांदा सांगितलं. कानाच्या आत कॉक्लिया म्हणून शंखासारखा भाग असतो, त्याच्या तोंडाशी उंच सूर आणि आत टोकाशी खालचे सूर अशी जागा ठरलेली असते, तिथल्या बारीक केसांसारख्या पेशी एका ठिकाणी खराब झाल्या की तो सूर शेजारच्या पेशी उचलतात आणि मेंदूला जागाच चुकीची कळते. बोलणं समजायला ह्याने फारसं अडत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं आता ठीक आहे. गाणाऱ्याचं मात्र सगळंच अडतं.

आता तपासणीबद्दल. नेहमीच्या ऑडिओमेट्रीत (ऐकू येण्याच्या तपासणीत) २५०, ५००, १०००, २००० असे दुपटीने हर्ट्झ (सुराची उंची मोजायचं माप) घेत ८००० पर्यंत जातात. माझा मध्य सा साधारण २०८ हर्ट्झ, म्हणजे तो ह्या तपासणीच्या सुरुवातीच्याही खाली! मॅडमनी मधले ७५०, १५००, ३००० पण घेतले, आणि मग जे केलं ते मी आधी कुठेच बघितलं नव्हतं. डाव्या कानात १००० चा सूर लावला, उजव्या कानाचा सूर हळूहळू वर-खाली केला आणि म्हणाल्या, ताई, दोन्ही जुळले की हात वर करा. मी जिथे हात वर केला तिथे उजवीकडे १०५० च्या आसपास होतं, म्हणजे अर्ध्या सुराला (पेटीच्या एका पट्टीपासून लगेच शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराला) थोडंच कमी. ५०० ला फरक अगदी किंचित निघाला. स्वतःच्या गळ्याचं, रियाजाचं काही बिघडलेलं नाही हे आकड्यात बघितल्यावर मला तिथेच रडू आलं आणि मॅडम शांतपणे थांबल्या, पुढच्या पेशंटची घाई केली नाही.

कोणत्या गोळ्या चालू आहेत हेही नीट विचारलं. फिट्स किंवा चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी देतात त्या कार्बामाझेपिनने काही जणांना दोन्ही कानांत सगळे सूर साधारण अर्ध्या सुराने उतरलेले ऐकू येतात आणि गोळी थांबली की पूर्ववत होतं, म्हणून विचारतात. (गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांशी बोलायचं.)

कानाचं मशीन मी ह्याआधी दुसऱ्या एका दुकानातून घेतलं होतं, तिथे फक्त बोलण्यासाठी सेट करून दिलं. तानपुरा लावला की सूर थरथरायचा, लांब षड्ज (सा) धरला की मध्येच हेलकावा. इथे कारण कळलं, मशीन शिट्टी मारू नये म्हणून आत जी सोय असते तिला एकसारखा लांब सूर म्हणजे शिट्टीच वाटते आणि ती तो कापायला जाते. वरचे आवाज खाली सरकवून ऐकवणारं फीचर पण चालू होतं, त्याने तानपुऱ्याचे वरचे स्वर सगळे जागा सोडून. मॅडमनी त्याच मशीनमध्ये संगीताचा वेगळा प्रोग्राम करून दिला, ही दोन्ही बंद, गोंगाट कमी करणारं बंद, आणि तानपुरा तिथेच साउंडप्रूफ खोलीत लावून माझ्याकडून गाऊन घेत घेत अॅडजस्ट केलं. नवीन मशीन गळ्यात मारायचा प्रयत्न अजिबात नाही.

आणि सगळ्यात आवडलं ते हे की खोटी आशा दिली नाही. मशीनने आवाज मोठा होईल, थरथर जाईल, पण दोन कानांतला सुराचा फरक त्याने जाईलच असं नाही असं स्पष्ट सांगितलं. तसंच झालं, थरथर गेली, फरक थोडा आहेच. मैफलीत पेटी कायम माझ्या डावीकडे असायची, ती उजवीकडे घ्या, तानपुरा पण चांगल्या कानाच्या बाजूला ठेवा, आणि तार सप्तकात काम असेल तेव्हा मशीन काढून गाऊन बघा हे त्यांनीच सुचवलं. पेटीची जागा बदलल्याने मला जितका फरक पडला तितका कशानेच नाही, आता परत बिनधास्त तार पंचम लावते. फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे यांना उतारवयात खालचे सूर चढे आणि वरचे उतरलेले ऐकू यायचे, तरी ते १९२० पर्यंत पॅरिसच्या संगीत विद्यालयाचे प्रमुख होते आणि शेवटपर्यंत लिहीत राहिले, हे वाचल्यापासून मला फार धीर आलाय.

आता अर्धा स्टार. लिफ्ट नाही आणि जिना उभा आहे, गुडघेदुखीवाल्या आजी-आजोबांना त्रासच. संध्याकाळी वेटिंग खूप, पार्किंग तर विसराच, स्टेशनहून रिक्षाने या. फी इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे, पण वेळही तेवढा देतात.

ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या माझ्या दोन विद्यार्थ्यांसाठी इथूनच कानाच्या मापाचे फिल्टरवाले इअरप्लग करून घेतले, त्यात आवाज दबतो पण सूर-ताल स्पष्ट राहतो, कापूस घालण्यापेक्षा कितीतरी बरं. फोन कराल तेव्हा संगीतवाले आहोत असं आधीच सांगा म्हणजे सकाळचा मोठा स्लॉट देतात, आणि तुमचं वाद्य किंवा निदान तानपुऱ्याचं अॅप बरोबर न्या.